चार बांबूंचे घर, एका दिवसाची अमानत

पक्की इमारत कोणाची, हे मालमत्तेचा उतारा सांगतो. पण गल्लीच्या तोंडाशी रातोरात उभा राहिलेला शामियाना कोणाचा म्हणायचा? कापड आणि बांबू मंडपवाल्याचे, जागा नगरपालिकेची, विजेची तार शेजारच्या घरातून घेतलेली, आणि कार्य मोहल्ल्यातल्या एखाद्या गरिबाच्या मुलीचे. तिसऱ्या दिवशी तिथे जाऊन पाहा, मेखांची भोके तेवढी शिल्लक असतात.

असे असूनही आपल्या समाजाचे कितीतरी सुखदुःख या कापडाच्या छताखालीच पार पडते. निकाह, वलीमा, अकीका, रमजानचा इफ्तार, इज्तेमा, उरूस, मुशायरा, मुहर्रमची सबील, आणि मयतीच्या दिवशी दारापुढे घाईने बांधलेली ताडपत्री. यावर पोट भरणारेही थोडे नाहीत. विणकर, रंगारी, झालरी शिवणारा शिंपी, बांबूवाला, वायरमन, बावर्ची, गालिचे उचलणारे मजूर, ही सारी साखळी मंडपावर चालते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावरचाच आहे. आमचा धंदा कापडाचा असल्याने आम्ही तो कापडाच्या बाजूनेच मांडणार आहोत.

शब्द आणि कसब

मंडप हा शब्द संस्कृतातला. पण शामियाना, कनात, मेख, फरास हे मराठीत रुळलेले शब्द फारसी आणि दरबारी उर्दूच्या वाटेने आले. पुण्यात फरासखाना नावाची पोलीस चौकी आहे. पेशवाईत जिथे तंबू, कनाती, जाजमे ठेवली जात, त्या कोठारावरून हे नाव पडले. म्हणजे कापडाच्या इमारती सांभाळणे हे त्या काळी सरकारी खाते होते.

त्याहून मागे जायचे तर अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये फर्राशखान्याचे वर्णन दिले आहे. मोठ्या बारगाहमध्ये दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभा करायला एक हजार फर्राशांना आठवडा लागे, असे त्याने नोंदवले आहे. टिपू सुलतानचा छापील सुती कापडाचा तंबू १७९९ नंतर ब्रिटनमध्ये गेला आणि आजही वेल्समधील पोविस किल्ल्यात जपून ठेवलेला आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की शामियाना बांधणे हे हलके काम नव्हे. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे आणि ते बऱ्याच अंशी मुस्लिम कारागिरांच्या हातात राहिले आहे.

कापडाची भिंत काय करते?

आपल्या वस्त्यांतली घरे लहान. दोन खोल्यांत आठ माणसे. अशा घरातल्या बापाने पाचशे पाहुणे बसवायचे कुठे? हॉलचे भाडे परवडत नाही, आणि परवडले तरी तारीख मिळत नाही. तेव्हा त्याच्या मदतीला येतो तो शामियाना. ज्याच्याकडे मोठी खोली नाही, त्याला तो एका दिवसापुरती मोठी खोली देतो.

शिवाय हॉलला फाटक असते, फाटकावर माणूस असतो. शामियान्याला तसे फाटक नसते. वाटेने जाणारा थांबतो, सलाम करतो, कोणाकडचे कार्य म्हणून विचारतो. शेजारचा हिंदू बांधव चप्पल बाहेर काढून आत येतो. ज्या मंडपवाल्याने उरुसाचा मंडप घातला, तोच पुढच्या महिन्यात गणेशोत्सवाचा घालतो. बांबू तेच, दोऱ्या त्याच, फक्त झालरीचा रंग बदलतो. मुहर्रमच्या सबिलीवर पाणी पिणाऱ्याला त्याचा मजहब कोणी विचारत नाही. चार बांबू, एक चादर आणि पाण्याचे दोन माठ एवढ्या भांडवलावर जे होते, ते मोठमोठ्या सभागृहांत होत नाही.

कनातीचेही तसेच आहे. कुलूप नाही, कडी नाही, तरी पलीकडे जनाना आहे हे कळताच माणूस आपोआप पाऊल मागे घेतो. कापडाची भिंत ताकदीवर नव्हे, अदबीवर उभी असते.

इस्लामी इतिहासात तंबूला मोठा मान आहे. इसवी सन ६२७ मध्ये, खंदकच्या लढाईत ह. साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी मस्जिद-ए-नबवीतच तंबू ठोकवला. रुफैदा अस्लमिया (रजि.) या महिलेने अशाच तंबूत जखमींची सेवा केल्याची नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. मशिदीच्या आवारात कापडाचा दवाखाना, आणि तो चालवणारी एक स्त्री! गरज होती तोवर तंबू राहिला.

बाजारातले पाल

कार्याच्या शामियान्याचा धाकटा भाऊ म्हणजे आठवडी बाजारातले पाल. चार काठ्या, वर कापड, खाली पथारी. सकाळी उभे राहते, दिवेलागणीला गुंडाळले जाते. कापड, बांगड्या, चपला, मसाले, अत्तर, टोप्या विकणारे आपले कितीतरी बांधव या पालाखालीच व्यापार शिकले. रमजानमध्ये मुंबईच्या मिनारा मशिदीजवळची गल्ली असो की माहीमच्या मखदूम बाबांच्या दर्ग्याची डिसेंबरातली जत्रा असो, तिथली रौनक पक्क्या दुकानांइतकीच या कच्च्या दुकानांचीही आहे.

मदीनेचा बाजारही असाच होता. प्रेषितांनी (स.) मुस्लिमांसाठी बाजाराची जागा नेमून दिली ती मोकळ्या मैदानाची, आणि तिथे कर घेऊ नये असे सांगितले, असे इतिहासकार लिहितात. ह. उमर (रजि.) यांचे धोरण सांगितले जाते ते असे, की बाजारातली जागा मशिदीतल्या जागेसारखी आहे. जो आधी येऊन बसला त्याची, आणि तो उठेपर्यंतच त्याची. कायमचा कब्जा कोणाचाच नाही. त्यामुळे भांडवल नसलेल्या नवख्यालाही रोज सकाळी संधी खुली राहिली.

आपल्या देशातला २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचताना हीच गोष्ट आठवते. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवू नये, असे हा कायदा सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असले पाहिजेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. वेळ वाटून दिलेल्या जागेवर बसणाऱ्याने आपली वेळ संपली की रोज माल उचलला पाहिजे. आमच्या बांधवांना पहिली बाजू ऐकून माहीत असते. दुसरी बाजू पाळली तरच पहिली मागताना तोंड वर राहते.

कापड पेटते तेव्हा

इथवर गुण सांगितले. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली गावी एका शाळेचा वार्षिक समारंभ मंडपात चालू होता. छत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे. विजेच्या बिघाडाने आग लागली आणि पेटलेले छत खाली बसलेल्यांवर कोसळले. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत बहुतेक मुले आणि स्त्रिया होत्या.

१५ एप्रिल १९९७ रोजी हजच्या दिवसांत मिनाच्या मैदानात स्वयंपाकाच्या गॅसमुळे आग लागली. जोराच्या वाऱ्याने ती तंबूवरून तंबूवर गेली. सुमारे ७० हजार तंबू जळाले, ३४३ हाजी शहीद झाले, दीड हजारावर जखमी झाले. मरणाऱ्यांत आपल्या देशातले हाजीही होते. १० एप्रिल २००६ रोजी मेरठला ग्राहक प्रदर्शनाच्या मंडपांना आग लागून साठाहून अधिक बळी गेले. आणि आपल्या महाराष्ट्रात २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या, आणि तीनशेच्या आसपास भाविक दगावले.

या चार जागा वेगळ्या, लोक वेगळे. पण आगीला वाट करून देणारे कापड किंवा टाकी, आणि माणसाला वाट न देणारी मांडणी, या दोन गोष्टी घडून घडून सगळीकडे दिसतात.

मिनाच्या घटनेनंतर सौदी सरकारने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सुती तंबू काढून टाकले आणि काचधाग्याच्या कापडावर टेफ्लॉनचा थर दिलेले, सहजी पेट न घेणारे तंबू उभारले. तंबूत गॅसवर स्वयंपाक करण्याला बंदी घातली. आज मिनात एक लाखाहून अधिक तंबू आहेत. वर्षातले मोजके दिवस वापरायच्या वस्तीसाठी त्यांनी एवढा विचार केला. आपल्या मोहल्ल्यातला मंडपही काही तासच वापरात असतो. पण ज्याचे मूल त्याखाली जेवायला बसले आहे, त्याच्यासाठी ते काही तास मोलाचे असतात.

जाळून पाहा

पूर्वी मंडपाचे कापड सुती असे. आज बाजारात बहुतेक माल सुरतेकडचा कृत्रिम धाग्याचा आहे. मंडपवाल्याने तो का घेतला, हेही समजून घेतले पाहिजे. सुती छत वजनाला जड, पावसात भिजले की दोन दिवस वाळत नाही, बुरशी धरते, रंग उतरतो. कृत्रिम कापड हलके, चकचकीत, झटपट सुकणारे, आणि टेम्पोच्या एका फेरीत जास्त मावणारे. गिऱ्हाईकही रंग पाहते, धागा पाहत नाही.

धागा ओळखण्याची रीत कापडाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बोटभर पट्टी कापावी, उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवावी. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख पडते. पॉलिस्टर असेल तर कापड आधी आकसते, मग वितळते, थेंब गळतात आणि शेवटी टोकाला काळा, टणक मणी उरतो. हे थेंबच घातक. पॉलिस्टर २५०–२६० अंशांना वितळते. तो थेंब अंगावर पडला की कातडीला चिकटून बसतो. वरून असा पाऊस पडत असेल तर खालच्या माणसाचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

सुती कापड जळत नाही असे मात्र कोणी समजू नये. तेही भराभरा पेटते. फरक एवढाच की ते वितळून गळत नाही आणि त्याला घरच्या घरी औषध लावता येते. मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. ८७५८ हे मानक आहे. कृत्रिम कापड व कृत्रिम दोऱ्या मंडपाला वापरू नयेत, असे त्यात सांगितले आहे. सुती कापडाला लावायचे मिश्रण अग्निशमन खाती सांगतात ते वजनाने असे: अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २ भाग, टाकणखार १ भाग, बोरिक पावडर १ भाग, तुरटी २ भाग आणि पाणी ३५ भाग. यात कापड बुडवून, पिळून सुकवायचे. हातात मोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे, कारण वास उग्र असतो. हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत, म्हणून कापड धुतले किंवा पावसात भिजले की औषध पुन्हा लावावे लागते. पॉलिस्टर हे पाणी नीट पीत नाही, त्यामुळे त्याच्यावर या मिश्रणाचा भरवसा ठेवू नये.

कारखान्यातच आग रोखण्याचे गुण दिलेले कापडही आता बाजारात मिळते. ते घ्यायचे तर तपासणीचा दाखला मागावा, आणि दाखला मिळाला तरी बोटभर पट्टी जाळून पाहावीच. आमच्या व्यापारी बांधवांनी ‘मंडपाचे कापड’ म्हणून माल विकताना धागा कोणता, औषध लावले आहे की नाही, हे बिलावर लिहून द्यावे. माल विकताना त्यातला ऐब गिऱ्हाइकाला सांगणे ही इस्लामी तिजारतीची जुनी शर्त आहे. ती इथेही लागू आहे.

जनान्यातली दुसरी वाट

कापडाइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटेची. आपल्या कार्यांत पडद्याची सोय करताना एक धोका सर्रास राहून जातो. जनाना आतल्या बाजूला. तिन्हीकडून कनात, ती खालून मेखांनी घट्ट बांधलेली. जायची वाट एकच, तीही मर्दाना बाजूने किंवा भटारखान्याच्या शेजारून. आता देगेखालच्या भट्टीशी काही झाले, तर बायकामुलांनी निघायचे कुठून? ज्यांचा मान राखण्यासाठी कनात लावली, त्यांनाच ती कोंडून ठेवते.

इलाज सोपा आहे आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. जनान्याला स्वतःची दुसरी वाट ठेवावी, पहिलीच्या समोरच्या बाजूला, पाच फूट तरी रुंद. पडदा हवा तर त्या वाटेपुढे थोडे अंतर सोडून आडवी कनात लावावी. नजर अडते, माणूस अडत नाही. दुसऱ्या वाटेवर खुर्च्यांची चवड, भांडी, जनरेटर यांपैकी काही ठेवू नये. ती वाट कुठे आहे हे जेवण सुरू होण्यापूर्वी एखाद्या कर्त्या बाईला दाखवून ठेवावे.

भटारखाना मंडपापासून वेगळा आणि उघड्या आभाळाखाली असावा. त्याला आडोसा हवा असेल तर पत्र्याचा करावा, कापडाचा नको. छत दहा फुटांपेक्षा खाली नसावे. विजेच्या वाहत्या तारेखाली मंडप घालू नये. दिवे कापडाला टेकू देऊ नयेत, आणि तारांचे जोड उघडे ठेवू नयेत. दोरी काथ्याची वापरावी. चार पिंपे पाणी आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवाव्यात. यातले बहुतेक त्या मानकातच आहे. मंडपवाल्याला नवे काही शिकायचे नाही, जुनेच पाळायचे आहे.

रस्त्याचा हक्क

आत बसलेल्यांचा हक्क झाला. बाहेरून जाणाऱ्याचाही हक्क आहे. रस्त्यावर बसणे भाग पडले तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे, आणि कोणाला त्रास न देणे हा त्या हक्काचा भाग आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे ही तर ईमानची शाखा मानली गेली आहे. मग गल्ली पूर्ण अडवून, रुग्णवाहिकेला वळसा घालायला लावून केलेले कार्य आपल्याला बरकत कशी देईल?

कायदाही तेच सांगतो. रहदारीला अडथळा होईल अशा ठिकाणी रस्त्यावर वा पदपथावर मंडपाला परवानगी देऊ नये, असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली महापालिकांना दिले. ते सर्वच धर्मांच्या उत्सवांना लागू आहेत. अमक्यांचा मंडप चालतो मग आमचाच का नाही, असा वाद घालण्यापेक्षा परवानगीचा अर्ज वेळेवर देणे, एका बाजूने गाडी जाईल एवढी जागा सोडणे आणि ठरल्या वेळी मंडप उतरवणे हे शहाणपणाचे आहे. ज्या मोहल्ल्याचे मंडप वेळेवर उठतात, त्या मोहल्ल्याला पुढच्या वेळी शेजारी हरकत घेत नाहीत.

उतरवताना मेखा काढाव्यात, भोके बुजवावीत, उष्टे आणि पत्रावळी उचलाव्यात. हे काम मंडपवाल्याच्या मजुरीत आधीच धरून द्यावे. म्हणजे पहाटेच्या घाईत ते राहून जात नाही.

धंदेवाईकांना दोन शब्द

मंडपाच्या धंद्यात आज चढाओढ आहे ती भाव पाडण्याची. झालर चार पदरी, भाडे निम्मे. या शर्यतीत जो तो कमी दर्जाच्या कापडाकडे सरकतो. आम्हाला वाटते, दुसरा रस्ताही आहे. जो मंडपवाला छापील बिलावर लिहून देईल की कापड औषध लावलेले आहे, वाटा दोन बाजूंना आहेत, भटारखाना अलग आहे आणि मंडप अमुक वाजता उतरेल, त्याला शाळा, दवाखाने आणि मोठ्या जमाती शोधत येतील. थोडे जास्त भाडेही मिळेल. मशिदींच्या कमिट्यांनी आणि जमातींच्या पुढाऱ्यांनी कार्याची परवानगी देतानाच हे चार प्रश्न विचारले, तर वर्षभरात सवय पडेल. बिरादरीतल्या सधन मंडळींनी एखादा चांगला सुती शामियाना वक्फ म्हणून मोहल्ल्याला दिला, तर गरिबांच्या कार्याला तो कायम कामी येईल. मात्र त्याचे औषध, धुलाई आणि दुरुस्ती पाहणारा माणूसही नेमावा.

दिव्य कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहने आपल्या देणग्या सांगताना पक्क्या घरांबरोबर प्रवासात आणि मुक्कामात हलकी वाटणारी कातड्याची घरेही सांगितली आहेत. म्हणजे कच्चे घरही नेमतच आहे. नेमत मिळालेल्याने ती नीट वापरावी, वापरून झाल्यावर जागा स्वच्छ करून परत द्यावी. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी मंडपवाल्याला भाडे विचारण्याआधी पट्टी जाळून पाहावी आणि जनान्याची दुसरी वाट कुठे ठेवणार, एवढे विचारावे.